हॉलिंगवर्थबाईंचे वर्ग आणि १५२ हा आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांच्या एका मुलीची बुद्धिमापन चाचणी झाली, बुद्ध्यंक १५२ आला आणि तिला एक इयत्ता वर बसवायचे का, अशी विचारणा शाळेने पालकांकडे केली. त्यानंतर पालकांनी लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंविषयी वाचले आणि फार बुद्धिमान मुले एकाकी पडतात, शाळेत त्यांचे जमत नाही, हे वाचून ते धास्तावले. या बाईंनी नेमके काय केले आणि त्यांचे निष्कर्ष आजच्या, इथल्या मुलीला कितपत लागू पडतात, हे त्यांना हवे आहे. मुलांच्या चाचण्या घेणे आणि त्यांचे अहवाल लिहिणे हाच माझा गेल्या अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते.

हॉलिंगवर्थबाईंचे नाव आज ज्या पुस्तकामुळे घेतले जाते, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९४२ साली प्रसिद्ध झाले. त्यात १८० च्या वर बुद्ध्यंक असलेल्या अवघ्या बारा मुलांची हकिगत आहे. लोक नेमके तेवढेच वाचतात आणि घाबरतात. त्यांचे मुख्य काम मात्र त्याआधीच्या पाव शतकात झालेले आहे, आधी ‘मंदबुद्धी’ ठरवल्या गेलेल्या माणसांच्या तपासणीत आणि नंतर न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतील वर्गांत. त्या सगळ्या कामाच्या मध्यभागी बुद्ध्यंक नाही. हे मूल शाळेतले तास कसे आणि कोणाच्या संगतीत घालवते, हा प्रश्न आहे. माझ्या मते आपल्या मुलीच्या बाबतीतही विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे, म्हणून बाईंच्या कामाकडे क्रमाने पाहू.

लेटा स्टेटर यांचा जन्म १८८६ साली नेब्रास्का राज्यात, शॅड्रन गावाजवळच्या वस्तीत झाला. आई लहानपणीच वारली आणि काही वर्षे आजी-आजोबांनी सांभाळले. १९०६ साली नेब्रास्का विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी थोडा काळ शाळेत शिकवले आणि १९०८ साली हॅरी हॉलिंगवर्थ यांच्याशी लग्न करून त्या न्यूयॉर्कला आल्या. तिथल्या सरकारी शाळांत त्या काळी विवाहित स्त्रीला शिक्षिकेची नोकरी मिळत नसे, त्यामुळे शिकलेली, शिकवण्याची हौस असलेली ही बाई घरी बसली. पुढे १९११ साली कॅफिनवरून कोका-कोलाविरुद्ध खटला उभा राहिला, कंपनीने कॅफिनचा माणसाच्या कामगिरीवर काय परिणाम होतो हे तपासण्याचे काम हॅरी यांच्याकडे दिले, कारण तेही मानसशास्त्रज्ञच होते, आणि त्या प्रयोगांची रोजची देखरेख लेटा यांनी केली. त्यातून आलेल्या पैशांवर त्यांचे पुढचे शिक्षण झाले. प्रज्ञावान मुलांच्या अभ्यासाला एका शीतपेयाच्या खटल्याचा हातभार लागला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये त्यांचे मार्गदर्शक एडवर्ड थॉर्नडाइक होते. त्या काळच्या अनेक नामवंतांप्रमाणे थॉर्नडाइक यांचेही मत असे होते की पुरुषांमध्ये बुद्धीची तफावत अधिक असते, म्हणून अलौकिक बुद्धीचे लोक पुरुषांत अधिक निघतात आणि मंदबुद्धीचेही पुरुषांतच अधिक निघतात. बाईंनी हे मत अंगावर घेतले, पण वादविवादाने नव्हे, मोजमापाने. हेलन माँटेग्यू यांच्याबरोबर त्यांनी एका प्रसूतिगृहातील एक हजार मुलगे आणि एक हजार मुली अशा नवजात अर्भकांच्या नोंदी तपासल्या आणि जन्मतःच्या शारीरिक मापांत पुरुषांची तफावत अधिक असल्याचा पुरावा मिळत नाही, असे १९१४ साली दाखवून दिले. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीची बौद्धिक आणि हस्तकौशल्याची कामगिरी घसरते हा समजही त्यांनी प्रबंधासाठी तपासला. तेवीस स्त्रिया आणि तुलनेसाठी दोन पुरुष यांची नियमित चाचणी घेऊन तशी घसरण आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९१६ साली डॉक्टरेट मिळाली, तीही थॉर्नडाइक यांच्याच हाताखाली. गुरूच्या मताविरुद्ध जाणारे काम करून गुरूकडूनच पदवी मिळवणे ही दोघांच्याही बाजूने मानावी अशी गोष्ट आहे.

या टप्प्यावर मी मुद्दाम थांबते, कारण आकडे वाचण्याची त्यांची रीत इथेच दिसते. मंदबुद्धी व्यक्तींच्या संस्थांत पुरुषांची संख्या अधिक होती, हा पुरुषांत तफावत अधिक असते या मताचा मोठा आधार मानला जाई. बाईंनी विचारले की संस्थेत कोण आणि कोणत्या वयात दाखल होते? न्यूयॉर्कमध्ये तपासणीसाठी आलेल्या एक हजार व्यक्तींच्या नोंदी चाळल्यावर त्यांना दिसले की मुलगे लहान वयातच आणले जातात आणि स्त्रिया बऱ्याच उशिरा. मुलाला बाहेरच्या जगात काम मिळवावे लागते, म्हणून त्याची उणीव लवकर उघडी पडते. मुलगी घरात धुणीभांडी करीत, भावंडे सांभाळत राहिली तर तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. म्हणजे आकडा बुद्धीचा नव्हता, समाजाच्या नजरेचा होता. कोणत्याही चाचणीच्या निकालाला हाच प्रश्न लावावा लागतो.

ही तपासणी करणारे केंद्र म्हणजे न्यूयॉर्कमधील मंदबुद्धी व्यक्तींच्या वर्गीकरणाची कचेरी. १९१३ च्या सुमारास तिथे त्या बिने चाचण्या घेऊ लागल्या आणि पुढे बेलव्ह्यू रुग्णालयात गेल्या. ही चाचणी तेव्हा अगदी नवी होती. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये ती तयार केली, ती मुलांना क्रमवारी लावण्यासाठी नव्हे, तर नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या आणि वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखण्यासाठी. १९१२ साली विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे मुलाची उत्तरे सरासरी ज्या वयाच्या मुलांसारखी असतात त्या वयाला, प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली आणि १९१६ साली स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून आजचा परिचित बुद्ध्यंक रूढ केला.

मंदबुद्धी म्हणून पाठवलेल्या व्यक्तींची चाचणी घेताना बाईंना वारंवार असे आढळले की त्यांतील अनेकांची बुद्धी सामान्य आहे. त्यांची अडचण घरची, भावनिक किंवा वागणुकीची आहे आणि ‘मंद’ हा शिक्का केवळ सोय म्हणून मारला गेला आहे. मोजपट्टीच्या खालच्या टोकाला मिळालेले हे शिक्षण घेऊनच त्या वरच्या टोकाकडे गेल्या. म्हणूनच प्रज्ञावान मुलांविषयी लिहितानाही त्या बुद्धी आणि जुळवून घेणे या गोष्टींची गल्लत करीत नाहीत.

वरच्या टोकाकडे जाण्याचे निमित्त १९१६ सालच्या नोव्हेंबरमध्ये घडले. टीचर्स कॉलेजमध्ये त्या मंदबुद्धी मुलांच्या मानसशास्त्राचा वर्ग घेत होत्या. विद्यार्थ्यांनी तोपर्यंत मागे पडणारीच मुले पाहिली होती, तेव्हा फरक कळावा म्हणून एखादे हुशार मूल आणून सर्वांसमोर चाचणी घ्यावी, असे त्यांनी ठरवले. आठ वर्षांचा एक मुलगा आला. त्यांच्या लेखनात तो ‘ई’ या अक्षराने येतो. स्टॅनफर्ड-बिनेची, म्हणजे टर्मन यांनी सुधारून घेतलेल्या बिने चाचणीची, सगळी पट्टी तो चढून गेला, वर मोजायला काही उरले नाही आणि बुद्ध्यंक निदान १८७ भरला. ‘निदान’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण मुलगा संपण्याआधी फूटपट्टी संपली होती. पुढची तेवीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्या अशा मुलांच्या शोधात राहिल्या आणि न्यूयॉर्कसारख्या महानगराच्या परिसरात १८० च्या वरची मुले त्यांना मिळाली ती बारा. आजकाल इतक्या बुद्ध्यंकाच्या बातम्या ज्या सहजतेने छापल्या जातात, त्या वाचताना ही संख्या ध्यानात असावी.

त्याच सुमारास, १९२१ पासून, टर्मन यांनी कॅलिफोर्नियात दीड हजारांच्या आसपास बुद्धिमान मुले निवडून त्यांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला होता. तो अधिक प्रसिद्ध आहे. इथे त्यातली एकच गोष्ट सांगते, कारण ती शिक्षकांच्या उपयोगाची आहे. वर्गातले सर्वांत हुशार मूल कोणते असे शिक्षकांना विचारण्यापेक्षा हजेरीपटावरून वर्गातले वयाने सर्वांत लहान मूल उचलले, तर अधिक वेळा योग्य मूल हाती लागते, असे टर्मन यांना आढळले. शिक्षकाला वर्गातले थोराड, नीटनेटके, आज्ञाधारक मूल हुशार वाटते. आपल्याकडेही वेगळे नाही. टर्मन यांचा रोख या मुलांचे पुढे काय होते ते पाहण्यावर होता, तर हॉलिंगवर्थबाईंना त्यांच्यासाठी आज वर्गात काय करायचे ते शोधायचे होते.

त्यासाठी १९२२ साली मॅनहॅटनमधील सरकारी शाळा क्रमांक १६५ मध्ये सात ते नऊ वर्षांच्या पन्नास मुलांचे दोन खास वर्ग सुरू झाले. एका वर्गात साधारण १५० च्या वरची मुले, दुसऱ्यात त्याखालची, पण तीही हुशारच. या मुलांची त्यांनी किती बाजूंनी मोजमापे केली, याची गंमत वाटते. हुशार मूल म्हणजे किरकोळ, चष्मिस्ट, खेळात कच्चे, हा समज त्या काळीही होता; उंची, वजन आणि ताकद मोजल्यावर ही मुले उलट सरासरीपेक्षा मोठी आणि दणकट निघाली. संगीताची जाण तपासली तेव्हा मात्र बुद्ध्यंकाचा आणि सुरांच्या कानाचा विशेष संबंध दिसला नाही. पुढे तर त्यांनी पौगंडावस्थेतील हुशार मुलांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे परीक्षकांपुढे ठेवून सौंदर्याचीही तुलना केली आणि त्यातही हुशार मुले सरस ठरली. हा शेवटचा अभ्यास मी विद्यार्थ्यांना हसण्यासाठी सांगते. संगीताचा मात्र गंभीरपणे सांगते, कारण बुद्ध्यंक उत्तम म्हणजे मूल सगळ्यातच उत्तम असणार या समजुतीने आपल्याकडे किती मुलांच्या मागे तबला, बुद्धिबळ आणि स्पर्धा परीक्षा एकदम लावल्या जातात, ते मी रोज पाहते.

या वर्गांतून आलेले त्यांचे सर्वांत ठोस निरीक्षण वेळेविषयी आहे. नेहमीच्या प्राथमिक शाळेत १४० बुद्ध्यंकाच्या मुलाचा निम्मा वेळ वाया जातो आणि १७० च्या वरच्या मुलाचा जवळजवळ सगळाच, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. हे विधान मुलाच्या मोठेपणाचे नाही, दिवसभर बाकावर बसून दुसऱ्यांचे होण्याची वाट पाहणाऱ्या मुलाला कोणत्या सवयी लागतात, याविषयी आहे. काम न करता निभावून नेण्याची सवय लागते. मोठ्यांचे चुकते हे फार लवकर कळल्यामुळे सगळ्याच अधिकाराविषयी तिरस्कार निर्माण होतो. आपल्याला जे येते ते लपवण्याची, खोटे साधेपण पांघरण्याची युक्ती साधते. आणि आपल्याहून मंद गतीने विचार करणाऱ्या माणसांशी राग न आणता वागणे हा धडा मागेच राहतो. बाईंच्या मते या मुलांच्या शिक्षणातला तो एक मोठा आणि कठीण धडा आहे.

१९३६ साली त्यांना स्पेयर शाळेत हवे तसे काम करण्याची संधी मिळाली. न्यूयॉर्कचे शिक्षण मंडळ आणि टीचर्स कॉलेज यांनी मिळून चालवलेल्या या प्रयोगात हुशार मुलांचे दोन वर्ग होते, त्यांना टर्मन वर्ग म्हणत, आणि सावकाश शिकणाऱ्या मुलांचे सात वर्ग होते, त्यांना बिने वर्ग म्हणत. दोन्ही प्रकारची मुले एकाच इमारतीत होती आणि दोघांसाठी वेगवेगळा अभ्यासक्रम तयार होत होता, ही बाब आजच्या ‘प्रज्ञावंतांच्या अकादम्या’ काढणाऱ्यांनी मुद्दाम पाहावी.

टर्मन वर्गांत नेमून दिलेला नेहमीचा अभ्यास दिवसाच्या साधारण निम्म्या वेळात उरकत असे. उरलेल्या वेळात काय करायचे, यावरचे बाईंचे उत्तर मला अजूनही सर्वांत पटते. वरच्या इयत्तेचे गणित आजच शिकवले, तर पुढच्या वर्षी तेच मूल तेच गणित पुन्हा ऐकत बसते. कंटाळा फक्त एक वर्ष पुढे ढकलला जातो. म्हणून त्यांनी ज्या गोष्टी शाळेत पुढे कधी येणारच नाहीत, त्या घेतल्या. नित्याच्या वस्तू कशा घडत गेल्या, हा त्यांचा मुख्य अभ्यासविषय होता. अन्न, वस्त्र, निवारा, वाहतूक, दिवाबत्ती, अवजारे, कालमापन, व्यापार, आरोग्य, कायदा असे एकेक प्रकरण घेऊन मुले ग्रंथालयात शोध घेत, वस्तुसंग्रहालये पाहत, तज्ज्ञांना प्रश्न विचारीत आणि आपली माहिती वर्गापुढे मांडीत. दिवाबत्तीचे प्रकरण घेतले की चरबीच्या दिव्यापासून विजेच्या बल्बपर्यंत जावे लागते आणि त्या वाटेवर रसायनशास्त्र, व्यापार, कामगारांचे तास, रस्त्यावरची सुरक्षितता हे सगळे येते. सात-आठ वर्षांच्या मुलाला यातले बरेच झेपते, फक्त त्याला ते कोणी देत नाही. याशिवाय थोरांची चरित्रे आणि फ्रेंच भाषा होती. प्रयोग पाच वर्षांचा होता, पण १९३९ सालच्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, कर्करोगाने बाईंचे निधन झाले आणि त्याचा शेवट त्यांना पाहता आला नाही.

आता पालकांना ज्या भागाची धास्ती वाटते, त्याकडे येते. १८० च्या वरच्या मुलांविषयी बाईंनी लिहिले आहे की प्रौढाची बुद्धी आणि बालकाच्या भावना एकाच लहान देहात असल्या की काही अडचणी अटळ होतात. त्यांना खेळायला जोडीदार मिळत नाही, कारण समवयस्कांना त्यांच्या खेळाचे नियम गुंतागुंतीचे वाटतात आणि मोठी मुले त्यांना खेळात घेत नाहीत. आपण कुठून आलो, मृत्यूनंतर काय, जगात दुष्टपणा का, हे प्रश्न पाच-सहा वर्षांच्या वयात पडतात. ते विचारण्याची बुद्धी असते, पण त्यांचे ओझे पेलण्याची भावनिक ताकद नसते. ‘डी’ या मुलाचे उदाहरण बोलके आहे. चार ते सात या वयात त्याने ‘बॉर्निंगटाउन’ नावाचा एक काल्पनिक प्रदेश उभा केला, तासन्तास त्याचे रस्ते आखले, नकाशे काढले, त्याची भाषा रचली, इतिहास लिहिला. जन्माआधी आपण कुठे होतो या कोड्याशी त्याचा संबंध असावा, असे बाईंना वाटले. एकट्या मुलाने केलेला हा खेळ आहे हे खरे, पण हे मूल दुःखी होते असे म्हणण्याआधी त्या नकाशांकडे पाहावे.

याच पुस्तकात पालकांनी अधोरेखित करावे असे विधान आहे, आणि भीतीच्या भरात तेच नजरेतून सुटते. सुमारे १२५ ते १५५ हा पट्टा बाईंना सामाजिकदृष्ट्या सर्वांत अनुकूल वाटला. या पट्ट्यातली मुले पुरेशी हुशार असतात, त्यांना मित्र मिळतात, समवयस्क त्यांचे ऐकतात आणि ती सहसा आत्मविश्वासाची, मनमिळाऊ असतात. नेतृत्वाविषयीही त्यांचे निरीक्षण असेच आहे. नेता गटापेक्षा थोडा पुढे असावा लागतो, पण अंतर तीस अंकांच्या आसपास गेले की गटाला त्याचे बोलणे पोचेनासे होते. म्हणजे १५२ हा आकडा जसाच्या तसा घेतला तरी ही मुलगी बाईंच्या हिशेबात भाग्यवान गटात बसते, त्या बारा मुलांत नव्हे.

त्यांच्या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. बुद्धी प्रामुख्याने आनुवंशिक आहे असे त्या मानत आणि त्या काळच्या सुप्रजननवादी, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाचीच वाढ व्हावी अशा, विचारांची छाया त्यांच्या लेखनावर स्पष्ट आहे. ज्या बाईने मंदबुद्धी स्त्रियांच्या संख्येमागचे सामाजिक कारण शोधले, तिनेच समाजातल्या वर्गावर्गातील आणि वंशावंशातील बुद्धीच्या फरकांना तोच प्रश्न पुरेशा कठोरपणे विचारला नाही, याचे मला प्रत्येक वेळी आश्चर्य वाटते. १९३५ साली पॉल विटी आणि मार्टिन जेन्किन्स यांनी शिकागोतील एका कृष्णवर्णीय मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचा बुद्ध्यंक २०० होता. एका मुलीने सिद्धांत कोसळत नाही, पण आपण शोधतो कुठे यावर आपल्याला काय सापडते हे अवलंबून असते, एवढे तिने दाखवले. बारा मुलांवरून काढलेले निष्कर्षही त्याच सावधपणे घ्यावेत. चाचणीसाठी आणली गेलेली मुले बहुतेकदा कोणाच्या तरी डोळ्यांत भरलेली असतात आणि घरात शांतपणे आनंदात असलेले हुशार मूल मानसशास्त्रज्ञाकडे येत नाही.

आता प्रत्यक्ष आकडा. १५२ कोणत्या चाचणीवर आला, हा माझा पहिला प्रश्न असेल. महाराष्ट्रात बिने-कामत चाचणी अजून मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने चाचणीचे रूपांतर केले. त्या काळात ते मोलाचेच काम होते, पण तिच्यात आजही मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय हेच गणित चालते. सात वर्षांच्या मुलीला १५२ मिळाले, म्हणजे तिचे मानसिक वय सुमारे १० वर्षे ८ महिने भरले. याच गणिताने चौदाव्या वर्षी १५२ टिकवायचा, तर मानसिक वय एकवीस वर्षांहून अधिक हवे. मानसिक वय साधारण सोळानंतर पूर्वीच्या वेगाने वाढत नाही, तेव्हा आकडा बहुधा उतरतोच. बुद्धी कमी होत नाही, भागाकार थकतो. शिवाय मानके, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेले सरासरी गुण, जितकी जुनी, तितका आजच्या मुलाला आकडा चढून मिळतो. अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी कामगिरी जवळजवळ चौदा अंकांनी वर गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी दाखवले आहे.

नागपूरच्या आर्थर मालिन यांनी १९६९ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी केलेली चाचणी घेतली गेली असेल, तर तिथे शाब्दिक आणि कृतीप्रधान असे दोन भाग असतात आणि त्यांतली दरी एकत्रित आकड्यापेक्षा अधिक बोलते. आजच्या पद्धतीच्या चाचण्यांत १०० ही सरासरी आणि १५ हे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप, असते. त्या पट्टीवर १३० च्या वर शंभरात दोन मुले आणि १४५ च्या वर हजारात एखाद-दुसरे. त्यामुळे जुन्या भागाकाराचे १८७ आणि आजच्या पट्टीवरचे १५२ एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. कोणत्याही चाचणीत चार-पाच अंकांची चूक दोन्ही बाजूंना धरावीच लागते आणि फार वर आलेला निकाल पुन्हा घेतल्यावर बहुधा थोडा खाली येतो.

भाषेचा मुद्दा अहवालात फार वेळा वगळला जातो. इंग्रजी माध्यमातले, घरी मराठी बोलणारे मूल एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की मनात अर्थ मराठीत जुळवते. इंग्रजीत शब्द सापडत नाही, ते हातवारे करते, मराठीत सांगू का असे विचारते आणि परीक्षक ‘इंग्रजीतच सांग’ म्हणाला की गप्प होते. अशा गुणांकनात शब्दसंग्रह मोजला जात नाही, परीक्षकाचा हट्ट मोजला जातो. उलट बाजूही आहे. ‘यातले वेगळे कोणते’ या प्रश्नाला फार हुशार मूल तीन वेगळी उत्तरे तीन वेगळ्या कारणांनी देते आणि उत्तरपत्रिकेत त्यातले एकच बरोबर असते. म्हणून अहवाल मागताना केवळ आकडा मागू नये. मुलीने उत्तरे कशी दिली, कुठे अडली, कुठे थांबायला तयार नव्हती, हे लिहून मागावे. पुरेसा वेळ देऊन चाचणी घेणाऱ्याकडे हे सगळे टिपलेले असते.

महाराष्ट्रात या विचाराची स्वतंत्र वाट ज्ञान प्रबोधिनीने काढली. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ही संस्था सुरू केली आणि १९६९ साली बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला उघडली. तिथे निवडीला बुद्धिमापन असते, पण बुद्धीचा उपयोग समाजाच्या कामी व्हावा हा हेतू आरंभापासून पुढे ठेवला गेला. प्रकल्प, क्षेत्रभेटी आणि गटाने केलेले काम यांत स्पेयर शाळेची आठवण होते, जरी दोन्हींची प्रेरणा अगदी वेगळी असली तरी. प्रत्येक गावात अशी शाळा नसते, त्यामुळे पालकांनी शाळेपेक्षा कार्यपद्धतीकडे अधिक पाहावे.

आता इयत्तेविषयी. बाई अनेक इयत्ता उडवण्याच्या विरुद्ध होत्या, पण एखादी इयत्ता वर आणि सोबत समृद्ध अभ्यास, याला त्यांची हरकत नव्हती. पुढे १९७० च्या दशकापासून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी गणितात पुढे असलेल्या मुलांवर केलेल्या कामाने, योग्य मुलाला पुढे नेण्याने साधारणपणे नुकसान होत नाही, हे दाखवले आहे. तेव्हा तत्त्व म्हणून मी विरोध करणार नाही. परंतु या मुलीच्या बाबतीत आधी तीन गोष्टी पाहीन. ती वाचनात आणि गणितात वरच्या इयत्तेच्या वर्षअखेरच्या पातळीला आहे का. हस्ताक्षराचा वेग तिथल्या लेखी कामाला पुरेल का, कारण बोटे बुद्धीच्या वेगाने वाढत नाहीत. आणि तिच्या आत्ताच्या वर्गात जिच्याशी तिचे गूज चालते अशी एखादी मैत्रीण आहे का. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर मी सहसा थांबायला सांगते.

तोवर शाळेला एक साधी विनंती करावी. तिचे काम वर्गाच्या आधी संपते, त्या वेळात तिला त्याच धड्याची आणखी उदाहरणे देऊ नयेत. आठवड्यातून दोन-तीन तासिका ग्रंथालयात बसू द्यावे आणि एखादा विषय सत्रभर पुरवावा. पाणी आपल्या गावात कुठून येते, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलीला धरणापासून नळापर्यंत आणि नळापासून पाणीपट्टीच्या पावतीपर्यंत नेतो आणि तिच्याबरोबर आणखी दोन-चार मुले असली तर उत्तमच. घरी बुद्ध्यंकाचा आकडा तिच्यासमोर किंवा नातेवाइकांत बोलू नये. पुन्हा चाचणी घ्यायची झालीच, तर निदान दोन वर्षांनी, दुसऱ्या साधनाने, आजच्या मानकांवर आणि तिला हवी त्या भाषेत उत्तर देण्याची मुभा ठेवून घ्यावी.